म्हाकुबाईनं उचललेलं नाणं

छबूनं ते माझ्या तळहातावर ठेवलं तेव्हा ते कोमट होतं. देव्हाऱ्यातून काढल्यापासून ती ते मुठीत आवळून दारातच उभी राहिली होती, द्यावं की न द्यावं करत. हळदीकुंकवाचं किटण इतकं बसलेलं की खालची चांदी दिसत नव्हती. पण आमचं बार्शीला तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान. धातू म्हटला की माझ्या हाताला आधी कळतं, डोळ्याला मागाहून.

“ह्यो आमचा वीर,” छबू म्हणाली. “आमच्या घरचा.”

मी पाण्याचं बोट लावून ते हलकेच पुसलं. एका बाजूला मानेचा बाक आणि कानाचा खळगा, बाकी सगळं सपाट. दुसऱ्या बाजूला काहीच नाही. म्हणजे मला तेव्हा काही दिसलं नाही. पण ती मान इकडच्या टाकसाळीतली नव्हती. सकाळपासून सहा दारांतून नकार ऐकून आलेला शीण त्या घटकेला थोडा उतरला, एवढं मला आठवतं.

ही गोष्ट एकोणीसशे चौऱ्याऐंशीच्या माघातली. मी एकतीस वर्षांची होते आणि जिल्ह्यातल्या जुन्यापान्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या एका सरकारी कार्यालयात तांत्रिक सहायक होते. माण नदीच्या काठी सरगरवस्ती नावाची सात घरांची धनगरांची वस्ती आहे, तिथल्या प्रत्येक देव्हाऱ्यात एकेक झिजलेलं चांदीचं नाणं पुजतात, ते जुनं वाटतं, असं एका जनावरांच्या डॉक्टरनं आमच्याकडे कळवलं होतं. मेंढरांना लस टोचायला गेला असताना त्यानं ते पाहिलं. त्याचं पत्र आठ महिने एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरलं आणि शेवटी माझ्याकडे आलं, कारण एसटीच्या फाट्यापासून पुढे पाच किलोमीटर चालायची कुणाची तयारी नव्हती.

वस्तीवर कळलं ते असं. त्यांचा कुणी मूळपुरुष नदीकाठी मेंढवाड्याची मेख ठोकत होता, ती मेख गाडग्यावर बसली. गाडग्यात चांदी. बरीचशी चांदी आटवून बिरोबाला डोळे केले, आणि त्याच्या सात मुलांनी आठवण म्हणून एकेक नाणं ठेवून घेतलं. पुढे तो मूळपुरुष गेला. गेलेल्या पूर्वजाचा चांदीचा टाक करून त्याला देव्हाऱ्यात बसवायची त्यांची रीत, त्याला वीर म्हणतात. इथे वेगळा टाक करावाच लागला नाही. नाणं होतंच.

दिवाळी झाल्यावर गडीमाणसं मेंढरं घेऊन कोकणाच्या अंगाला उतरलेली. मागे राहिलेली सगळी म्हातारी माणसं, आणि एक छबू. तिला दिवस गेलेले म्हणून नवऱ्यानं, बिरानं, तिला बरोबर नेलं नव्हतं, आता सहावा महिना चालू होता. तिची सासू अनसाबाई त्या दिवशी बाजाराला गेली होती. छबू चौथीपर्यंत शिकलेली. माझ्याजवळचं शिक्क्याचं पत्र तिनं ओळीखाली बोट फिरवत सगळ्या बायकांना वाचून दाखवलं. मग मला तिनं एकच विचारलं, की परत कधी मिळेल.

“आठ दिवसांत,” मी म्हणाले. “मी स्वतः आणून देईन.”

“आठ?”

“आठ.”

ती घरात गेली आणि नाणं घेऊन आली.

एका घरानं दिलं म्हटल्यावर बाकीची दारंही हळूहळू उघडली. दुपारपर्यंत माझ्याजवळ सात पाकिटं झाली. छबूचं पहिलं. सगळ्यांत शेवटी म्हाकुबाई सरगर आली, वस्तीतली सर्वांत वडील बाई, सत्तरीच्या पुढची, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिनं मला तासभर ताटकळत ठेवलं, अंघोळ केली, आणि विड्याच्या पानावर ठेवून नाणं आणून दिलं. परत कधी देणार हे तिनं विचारलं नाही. एकात एक मिसळू नगंस, एवढंच म्हणाली. मी प्रत्येक पाकिटावर आकडा घातला, छोट्या काट्यावर वजन केलं, घरवार पावती लिहून दिली. म्हाकुबाईचं सातवं.

झिजलेलं नाणं वाचायचं म्हणजे वाचायचं फार थोडं असतं. जे सर्वांत उंच, ते सर्वांत आधी जातं: नाक, गाल, कपाळ. उरतात ते खळगे. कानामागचा, मानेखालचा, आकृतीच्या खुर्चीच्या पायांमधला. त्यासाठी तिरपा उजेड लागतो. आमच्या कार्यालयाच्या पूर्वेच्या खिडकीत साडेसात ते आठ असा तो अर्धा तास मिळायचा. मी रोज सातला जायची, शिपायाकडून कुलूप काढून घ्यायची आणि भिंग घेऊन खिडकीशी बसायची. नाणी नुसती पाण्यात ठेवून हळद सुटू दिली होती. घासलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी एकावर बसलेल्या बाईची आकृती सापडली, हातात उभा दंड. रोमचा बादशहा टायबेरियस. मग तशीच आणखी तीन. दोन नाण्यांवर काहीच सापडेना. त्यांतलं एक म्हाकुबाईचं. ते तर इतकं गुळगुळीत होतं की आरशासारखी माझ्याच नाकाची सावली त्यात दिसायची.

राहिलं पहिलं, छबूचं. त्यानं मला अकरा सकाळी दमवलं. पाठीमागच्या बाजूला एक उभी रेघ आहे की चरा आहे, हेच ठरेना. अकराव्या सकाळी मी ते सहज उलटं धरलं, आणि दोन गोल आणि त्यांच्या दोन अंगांना दोन उभी माणसं एकदम दिसली. दिसली ती दिसलीच. मग न पाहणं शक्य नव्हतं. ऑगस्टस. टायबेरियसच्या आधीचा बादशहा. त्याचे दोन दत्तक घेतलेले नातू, मधे जमिनीला टेकवलेल्या ढाली. दोघंही तरुणपणीच गेले. वीर म्हणायला काही हरकत नव्हती.

आमचे टिळेकरसाहेब मी सांगायला गेले की मान न उचलता ऐकत. त्या दिवशी ते खुर्चीतून उठले, खिडकीशी आले, आणि पाच मिनिटं भिंग खाली ठेवलं नाही. आपल्या जिल्ह्यात हे पहिलं, म्हणाले. त्यांनी लगेच लेख लिहायला घेतला. माझं नाव खाली टीपेत घालणार होते. शिवाय नाणी वाचण्याच्या सहा महिन्यांच्या एका शिक्षणक्रमाला आमच्याकडून एकाला पाठवायचं होतं, तिथं माझं नाव देतो म्हणाले.

आठ दिवस तर केव्हाच होऊन गेले होते. मी परतीचा विषय काढला तेव्हा साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. जमिनीतून निघालेली वस्तू, ती शेजाऱ्याची वाटी नव्हे की आली तशी परत पाठवली. वर कळवावं लागेल. वरून येईल तसं करू.

“पण मी शब्द दिलाय, साहेब.”

“शब्द तुम्ही दिलात, वेळापुरेबाई. सरकारनं दिलेला नाही.”

मी टिपणी लिहिली. ती ‘चर्चा करावी’ असा शेरा मारून परत आली. चर्चा झाली नाही. दुसरी लिहिली, ती आलीच नाही. छबूला एक पोस्टकार्ड टाकलं, की थोडा उशीर होतो आहे, काळजी करू नये. उत्तर आलं नाही. फाल्गुन गेला, चैत्र गेला. मी रोज नव्या फायलीत डोकं घालत होते आणि संध्याकाळी घरी जाताना आज कुणी काही बोललं नाही म्हणून सुटल्यासारखं वाटत होतं. नोकरीतला कंटाळा असा अंगात मुरतो. आपण काही वाईट करतो आहोत असं त्यात कधी वाटतच नाही.

वैशाखातल्या एका सकाळी शिपाई म्हणाला, कुणी म्हातारी आली आहे, नाण्याच्या बाई पाहिजेत म्हणते. मी खिडकीतून पाहिलं. म्हाकुबाई पडवीत खांबाला टेकून बसली होती, पायांत टायरच्या चपला, मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी. त्या दिवशी मी तिला भेटले नाही. काम आहे, बसा म्हणावं, असं सांगून पाठवलं, आणि पाच वाजता मागच्या दारानं घरी गेले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती तिथंच होती. रात्र एसटी स्टँडवर काढली होती. मी तिला आत नेलं, पाणी दिलं, समोर बसवलं.

तिनं तक्रार केली नाही. बाजारात भेटलेल्या माणसाला सांगावं तसं सांगितलं. फाल्गुनात घाटाखाली मेंढरांना रोग आला, साठ मेंढरं मेली, त्यांत सर्वांत जास्त अनसाबाईच्या घरची. वस्तीवर बोलणं सुरू झालं की वीर घर सोडून गेला, मग राखण कोण करणार. मी छबूची चौकशी केली. माहेरी हाय, ती म्हणाली. मी मनात महिने मोजले. आठवा, नववा. पहिलं बाळंतपण, माहेरी असणारच. मी बरं म्हणाले आणि विषय सोडला.

मग तिनं सातही मागितली. मी तिला खरं ते सांगितलं: ती माझ्या हातात नाहीत, वर कळवलं आहे, कधी सुटतील ठाऊक नाही, सुटतील की नाही हेही ठाऊक नाही. खिडकीच्या उजेडात तिची बुबुळं दुधासारखी दिसत होती.

“मंग येक दे,” ती म्हणाली.

साहेब चार दिवस पुण्याला गेले होते, लेख घेऊन. कपाटाची किल्ली माझ्या खणात होती. मी हिशेब केला. म्हाकुबाईचं सातवं नाणं अवाचनीय होतं. त्यावर आकृती नाही, अक्षर नाही. रोमन असल्याचा पुरावा आढळत नाही, सबब धारकास परत, असं नोंदवहीत लिहिलं तर विचारणारं कुणी नव्हतं. ते लिहिणं माझ्या अधिकारात बसत होतं. म्हातारीचं तिला मिळेल, माझा शब्द सातातला एक हिस्सा तरी पाळला जाईल, आणि कुणाचं काही बिघडणार नाही. मला मनातून हलकं वाटलं.

मी सातही काढून पांढऱ्या कागदावर ओळीनं मांडली. कुठलं कुणाचं ते मी बोलले नाही. तिचं तिनं घ्यावं असं मला वाटलं. थोडं असंही असेल की तिला ओळखू येतं का ते पाहावं. ती वाकली. डोळ्यांचा उपयोग नव्हता, तिनं ते मिटूनच घेतले, आणि प्रत्येक नाण्यावरून अंगठा फिरवत गेली. सातव्यावर अंगठा थांबला. बराच वेळ थांबला. मी पाकीट हातात घेऊन तयारच होते. मग तिनं ते नाणं कागदावर सरळ करून ठेवलं, हात ओळीच्या या टोकाला आणला आणि पहिलं उचललं.

“ह्ये,” ती म्हणाली.

पहिलं म्हणजे ऑगस्टस. अकरा सकाळी, लेख, टीपेतलं नाव, सगळं त्या एका नाण्यावर होतं. मी तिला म्हणाले, आजी, तुमची चूक होते आहे. माझ्याकडे वजन लिहिलेलं आहे, पावती आहे. तुमचं ते टोकाचं, आत्ता हात थांबला होता ते.

“तुझं वजन तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे, लेकी. मला ह्येच पायजे.”

“अहो, पण हे तुमच्या घरचं नाही.”

“मला काय सात दिलीस व्हय? येकच देतीस. मंग त्ये येक म्या घेतलं.”

एवढं बोलून तिनं मूठ आवळली. मुठीत नाणं. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला तिची कीव आली. पन्नास-साठ वर्षं जे धुतलं पुसलं ते हिला ओळखू येत नाही. आता हिला सांगायचं कसं, आणि सांगून उपयोग काय. दोन दिवस उन्हात बसलेली, स्टँडवर झोपलेली म्हातारी. तिला वाटतंय आपला देव मिळाला, तर वाटू दे. एवढं माझ्या मनात आलं ते खरं आहे. पण त्याबरोबर मागच्या दारानं निघून गेलेले माझे पायही मला दिसत होते.

मी नोंदवही काढली. पहिल्या नाण्यापुढे माझ्याच अक्षरात ‘ऑगस्टस’ लिहिलेलं होतं, दोन आकृत्या, दोन ढाली. त्यावर आडवी रेघ मारली. वर लिहिलं: ‘फेरतपासणीत वरील वाचन चुकीचे आढळले. अवाचनीय. रोमन असल्याचा पुरावा नाही. धारकास परत.’ खाली तारीख आणि सही. म्हाकुबाईचा अंगठा घेतला. तिनं नाणं फडक्याच्या गाठीत बांधलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेली.

साहेब आले तेव्हा त्यांचा लेख छपाईला गेलेला होता. तो त्यांना परत मागवावा लागला. त्यांनी मला समोर उभं केलं. भिंगातून ते नाणं त्यांनी स्वतः पाहिलेलं होतं, म्हणजे मी खोटं लिहिलं आहे हे त्यांना कळत होतं, आणि त्यांना कळतं आहे हे मला. अकरा दिवस पाहून चुकलात, त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. तुमच्या नोकरीचं काय होईल याचा विचार केलात का, विचारलं. पण त्यांनी आरडाओरडा केला नाही. आपणही पाहून फसलो असं वर लिहून द्यावं लागेल, हे त्यांना नको होतं. त्यांनी वर्षाच्या गोपनीय अहवालात एक ओळ लिहिली, की यांचे नाण्यांचे वाचन भरवशाचे नाही. तेवढी पुरली. शिक्षणक्रमाला दुसरा कुणी गेला. मला कोठारातल्या फुटक्या मूर्तींची मोजदाद दिली. त्यानंतर कित्येक वर्षं माझ्या टेबलावर एकही नाणं आलं नाही, आणि आलं तेव्हा डोळे पूर्वीचे राहिले नव्हते.

त्या दिवसांत मी एक गोष्ट मनाशी घोळवायची. आपण ऑगस्टस दिला, आणि दिला कुणाला, तर जिला स्वतःच्या घरचा देव ओळखता आला नाही अशा बाईला. दुःखातही त्यात एक मोठेपणा वाटायचा. पुढे पुढे मी ते मैत्रिणींना गंमत म्हणून सांगायला लागले. त्या हसायच्या, मीही हसायची.

दोन अडीच वर्षांनी कसल्याशा पाहणीसाठी त्या भागात जाणं झालं. काम दुपारीच आटोपलं. एसटीला तीन तास होते. फाट्यावर बसून राहण्यापेक्षा मी सरगरवस्तीची वाट धरली. मनात होतं की म्हाकुबाई भेटली तर आता तिला सांगावं, की तुमच्याकडे आहे ते अनसाबाईचं, त्यांचं त्यांना द्या. एवढी एक चूक तरी निस्तरावी.

वाटेत छबूचं घर लागलं. ती अंगणात लोकर पिंजत होती, शेजारी दोन वर्षांची मुलगी मातीत खेळत होती. छबूनं मला लगेच ओळखलं. उठून तांब्याभर पाणी आणून दिलं. आत या म्हणाली नाही. मी ओट्याच्या कडेला टेकले, पाणी प्यायले, आणि तांब्या परत देताना उघड्या दारातून माझी नजर समोरच्या देव्हाऱ्यावर गेली. हळद होती, कुंकू होतं, तरी मानेचा तो बाक मला कुठंही कळला असता. ते पहिलं नाणं होतं.

हे इथं कसं, मी विचारलं.

छबूनं हातातली लोकर खाली ठेवली आणि एकेक करून सांगितलं. फाल्गुनात मेंढरं मेल्याचा निरोप आला त्याच दिवशी सासूनं तिला दाराबाहेर काढलं. वीर तू आपल्या हातानं परक्या बाईच्या हातात दिलास, तो घरात येईल तेव्हा तू ये. तेव्हा सातवा संपत आलेला. भाऊ येऊन घेऊन गेला. माहेरी महिनाभर बरं चाललं, मग तिथंही कुजबुज सुरू झाली. बिरा कोकणातून परत आला तो आईपुढे तोंड उघडेना. पोरगी माहेरीच झाली, तिला बघायला सासरचं कुणी आलं नाही. आणि मग एक दिवस म्हाकुबाई कुणालाच न सांगता कुठंशी गेली, चौथ्या दिवशी परत आली, अनसाबाईच्या घरात शिरली, आपल्या हातानं नाणं देव्हाऱ्यात ठेवलं आणि म्हणाली, वीर आलाय, आता सून आणा. पंधरवड्यानं छबूला आणलं.

“आज्जी तुमाला बोलली न्हाई?” छबूनं विचारलं.

“नाही. तुम्ही माहेरी आहात एवढंच म्हणाली. मला वाटलं, बाळंतपणाला.”

“घरातलं भायेर कशी सांगंल ती.”

मी म्हणाले, मला वाटलं होतं तिला तिचं नाणं ओळखू आलं नाही. छबूनं माझ्याकडे असं पाहिलं, की ही बाई शिकलेली आहे ना. जत्रेच्या दिवशी सातही घरांचे वीर एका परातीत अंघोळीला यायचे. ते न्हाऊ घालायचा मान म्हाकुबाईचा, सून होऊन आली तेव्हापासूनचा. पाण्यात हात घालून ती एकेक काढायची आणि न बघता ज्याचं त्याच्या ओंजळीत ठेवायची. आजवर एकदाही चुकलेली नाही.

काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून बोलले.

“मी आठ दिवस म्हटलं होतं.”

“व्हय,” छबू म्हणाली. “पैलं पैलं म्या मोजलं.”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं. तिनं मुलीच्या हातातली माती झाडली, तिला कडेवर घेतलं आणि म्हाकुबाईचं घर बोटानं दाखवलं.

म्हाकुबाईला आता दिसत नव्हतं. नाव सांगितल्यावर तिनं माझे दोन्ही हात धरून मला जवळ बसवलं, सून शेतात गेली आहे म्हणून स्वतः चाचपडत गुळाचा खडा आणून दिला. तिच्या देव्हाऱ्यात बिरोबाच्या टाकाशेजारी नाण्याच्या जागी एक सुपारी होती, हळद लावलेली. मी तिला विचारलं, तुमचं समोर होतं, हातात आलं होतं, ते सोडून तुम्ही दुसऱ्याचं का घेतलं. मला सांगितलं असतं तर मी, असं म्हणाले आणि थांबले. कारण सांगितलं असतं तर मी काय केलं असतं ते मला माहीत नव्हतं. कदाचित वर कळवलं असतं.

“तिला घरातनं काडली हुती,” म्हाकुबाई म्हणाली. “मला या वयात कोन कंच्या म्हायेरी धाडनार?”

ती हसली. बाहेर कुणीतरी कोंबड्यांना हाकलत होतं. तिनं माझा हात अजून सोडला नव्हता, आणि तिचा अंगठा माझ्या बोटांवरून फिरत होता, नाण्यावरून फिरला होता तसा.

“माजं हाय का पर तितं?” तिनं विचारलं. “नीट हाय?”

आहे, मी सांगितलं. नीट आहे.

“पान्याचा हात लागतो का त्येला?”

ते एका जाड कागदाच्या पाकिटात होतं, पाकीट पत्र्याच्या डब्यात, डबा कपाटात. पाकिटावर सात आकडा आणि खाली अवाचनीय. त्याला हात लावायचाच झाला तर परवानगी लागली असती.

“लागतो,” मी म्हणाले.

“आंगूळ कोन घालतं?”

“मी घालते, आजी.”

तिनं मान हलवली. चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. इतकी वर्षं ते धरून ठेवलं होतं, हे तेव्हा मला कळलं.

“मंग ऱ्हाऊ दे तितंच,” ती म्हणाली. “तू हाईस न्हवं तितं.”

मी आहे म्हणाले. त्या कार्यालयातून माझी बदली होऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं.